अठ्ठेचाळिसावं पान

बचावबोटीवरच्या चौघांत पुस्तक वाचणारा तो एकटाच. बाकीच्या तिघांना पुस्तकाचा उपयोग एवढाच, की चहावर झाकण घालता येतं. म्हणून याचं नाव पडलं मास्तर. ते इतकं चिकटलं, की एकदा पोस्टमननं खऱ्या नावानं हाक मारली तर हाच मागे वळून बघायला लागला, कोणाला बोलावतोय म्हणून.

खात्याचं पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं, दोनशे बारा पानांचं. माणूस प्रवाहात तासाला किती वाहत जातो, वारा फिरला तर शोधाचा चौकोन कसा फिरवायचा, कुठली गाठ ओली झाल्यावर सुटत नाही, सगळं त्यात. मास्तरला ते तोंडपाठ. सराव चालू असताना तो मधेच म्हणायचा, "हे असं नाही, एकसष्टाव्या पानावर वेगळं दिलंय."

"अरे, बुडणाऱ्याला आधी पान नंबर विचार," इंजिनवाला म्हणायचा. "नंबर चुकला तर परत सोडून देऊ."

हसण्यात मास्तर स्वतःही असायचा. अकरा वर्षं झाली होती त्याला बोटीवर. बोट चालवायचे काका. ते कोणाचेच काका नव्हते, पण गोदीतली कुत्रीसुद्धा त्यांना मान देऊन रस्ता सोडायची. काका निवृत्त झाले की सुकाणू मास्तरच्या हातात जाणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. फक्त तोंडी परीक्षा बाकी होती.

तर अशा माणसाच्या हातून ते झालं.

गोदीत बोटींवर नावं रंगवणारा एक रंगारी होता. अक्षर असं, की गंजक्या पत्र्यालाही रुबाब यायचा. त्याला एक खोड होती. नाव रंगवून झालं की छोटी होडी घेऊन लांब जायचा आणि तिथून अक्षर कसं दिसतं ते बघायचा. थंडीच्या दिवसांत, भर दुपारी, अक्षर बघता बघता तो उभा राहिला आणि होडी उलटली. काठावरून कोणाच्या लक्षात येईपर्यंत तास होऊन गेला, आणि बोट त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा दीड तास झाला होता.

आधी मास्तरलाच तो दिसला. समुद्र ताटासारखा सपाट होता. रंगारी पालथ्या होडीला धरून होता, आणि बोट बघून त्यानं चक्क हात हलवला. चौघांच्या जिवात जीव आला. काकांनी बोट हळूच बाजूला नेली. वाकलेल्या मास्तरला रंगारी म्हणाला, "हात द्या राव."

मास्तरनं हात दिला. रंगारी बोटीच्या कडेवर पाय लावून सरळ उभा वर आला, जवळजवळ स्वतःच चढला. गारठून निळा पडलेला, पण हसत होता. म्हणाला, "वाळत घाला मला आता. पण चिमटे नाकाला लावू नका."

चौघेही खो खो हसत सुटले. इंजिनवाल्याला तर ठसका लागला.

"जरा बसतो," रंगारी म्हणाला. बसला, आणि बसल्या जागी गेला. छातीवर दाब देत ते त्याला धक्क्यापर्यंत घेऊन आले. डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळे पाहिले, आणि कागदावर लिहिलं: थंडीनं.

"कोणाला माहीत होतं रे," काका म्हणाले. इंजिनवालाही तेच म्हणाला. पुढे वर्षभर गोदीत जो भेटेल तो तेच म्हणत राहिला. कोणाला माहीत होतं!

मास्तरला माहीत होतं.

पुस्तकातलं अठ्ठेचाळिसावं पान. गार पाण्यात बराच वेळ राहिलेला माणूस कधीही उभा वर ओढायचा नाही. पाणी चारी बाजूंनी त्याचे पाय आवळून असतं, त्यानं रक्त वर राहतं. उभा काढला की ती आवळ सुटते, रक्त पायात उतरतं, आणि थकलेलं काळीज रिकामं पडतं. म्हणून जाळीच्या झोळीत आडवा घ्यायचा, आडवाच ठेवायचा, बसू द्यायचा नाही, चालू द्यायचा नाही, तो कितीही म्हणाला मी ठीक आहे तरी. लाटांत फार घाई असेल तर जसा येईल तसा घ्यावा, असंही खाली एक वाक्य होतं. पण त्या दुपारी कसली घाई? झोळी मास्तरच्या पायाशी घडी घालून ठेवलेली होती. आणि पंधराच दिवसांपूर्वी लेखी चाचणीत हाच प्रश्न आला होता. मास्तरला त्यात पूर्ण मार्क होते.

हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही. त्याच्या मनानं एक फट शोधून ठेवली होती: दीड तास म्हणजे फार. आडवा घेतला असता तरी कदाचित गेलाच असता. या कदाचितवर तो जेवायचा, झोपायचा, कामावर जायचा.

पण फट बारीक होती. बसमध्ये चढताना कोणी म्हातारं माणूस हात पुढे करायचं आणि मास्तरचे हात आपोआप खिशात जायचे. लोक पुटपुटायचे, काय माणूस आहे! दोरीवर कपडे दिसले की तो रस्ता बदलायचा. घरात नळ सोडला की पाण्याच्या आवाजात कोणीतरी अगदी खेळीमेळीनं म्हणायचं, हात द्या राव. ते धमकीच्या सुरात असतं तर त्यानं सोसलं असतं. त्यात नुसती खुशी होती.

त्यात रंगाऱ्याची बायको. नवऱ्याच्या मागे तिनं त्याचे ब्रश उचलले आणि गोदीत फळीवर उभी राहून नावं रंगवायला लागली. अक्षर नवऱ्याइतकं नव्हतं, पण हात बसत चालला होता. मास्तर दिसला की फळीवरूनच हाक मारायची.

"भावजी, सांगा ना एकदा. काय म्हणाले होते?"

मास्तर सांगायचा. वाळत घाला मला, पण चिमटे नाकाला लावू नका. ती प्रत्येक वेळी हसायची, मग पदरानं डोळे पुसायची. "मेला शेवटपर्यंत तसाच," म्हणायची. "बरं झालं, तुमच्या हातात गेले. पाण्यात एकटे नाही गेले." आणि मास्तर मान हलवून पुढे जायचा. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. वर्ष झालं, दोन वर्षं होत आली.

परीक्षेची तारीख लागली. मास्तरची बायको शिवणकाम करायची. मशीनवर पाय, मांडीवर पुस्तक, अशी ती त्याचे प्रश्न घ्यायची.

"सत्तेचाळीस झालं. आता हे..." तिनं पान बघितलं. "अहो, ही दोन पानं चिकटलीयेत. खळ लावल्यासारखी."

"पुढचं विचार."

"पुढचंच विचारतेय. हे अठ्ठेचाळीस राहिलं ना."

"ते येतं मला."

"येतं तर म्हणून दाखवा."

मास्तर उठून बाहेर गेला. तिनं नखानं पानं सोडवली, वाचली. मग मशीन बराच वेळ चाललं नाही. तो परत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिला सांगितलंत?"

"काय सांगू? आणि सांगून काय होणारे? दीड तास होता तो पाण्यात. आडवा घेतला असता तरी..."

"बरं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. बायकोच्या त्या बरंमध्ये जेवढं होतं तेवढं पुस्तकाच्या दोनशे बारा पानांत नव्हतं.

परीक्षेत साहेबांनी बरोबर तोच प्रश्न काढला. शेजारी काका बसलेले. मास्तरच्या तोंडाला कुलूप लागलं. साहेबांना वाटलं येत नाही. काकांना वाटलं बिचारा घाबरला. नापास.

पंधरवड्यानं पुन्हा हाक आली. खाडीच्या तोंडाशी एका मापाड्याची होडी बुडाली होती. खोली मोजणारा, जाडजूड, तोंडाचा फाटका माणूस. दुपारच सरत होती, पाणी तसंच गार, आणि तोही पाण्यात दीड तासच होता. दहा मिनिटं जास्तच. बोट जवळ गेली तशी त्यानंही हात वर केला. "ओढा, ओढा लवकर!"

मास्तरनं हात दिला नाही. झोळी सोडली.

"अरे, मी काय मासा आहे? हात दे!"

"आडवे व्हा."

"तुझ्या आयला, हात दे म्हणतो ना!"

त्याला गुंडाळून, लोळवून, आडवा आत घेतला. आत आल्यावर तो उठायला गेला. मास्तरनं त्याच्या खांद्यावर दोन्ही हात देऊन त्याला फळ्यांवर दाबून धरला. सगळी वाट तो शिव्या देत होता आणि मास्तर वर वाकून बघत होता, ओठांकडे, छातीकडे. शिव्या थांबल्या नाहीत. धक्क्यावर स्ट्रेचर आलं तरी थांबल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मापाड्या दवाखान्यातून चालत घरी गेला आणि आठवड्यात त्याची लेखी तक्रार आली. कर्मचाऱ्यानं उद्धट वर्तन केलं, उठू दिलं नाही, बटाट्याच्या पोत्यासारखं वागवलं. काकांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. "फ्रेम करून लावू का रे?" इंजिनवाला म्हणाला. सगळे हसले. मास्तरच्या पाठीवर थापा पडल्या.

थापा खात तो जागेवर उभा होता. त्याला एकच दिसत होतं. तेच पाणी, तितकाच वेळ, आणि माणूस चालत घरी गेला. त्याचं ते ‘कदाचित’ संपलं होतं.

तो तसाच गोदीत गेला. रंगाऱ्याची बायको एका मोठ्या बोटीच्या पोटाशी फळीवर उभी होती. त्याला बघून तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "आज आपणहून आलात भावजी! सांगा."

"खाली या," मास्तर म्हणाला. "आज ते नाही सांगणार."

ती खाली आली. त्यानं सांगितलं. पान, झोळी, चाचणीतले मार्क, मापाड्या. न थांबता सांगितलं, जसं तोंडपाठ असलेलं सांगतात तसं. ती ऐकत होती. हातावरचा ओला रंग वाळत चालला, तरी तिनं पुसला नाही.

"पायाशी होती झोळी?"

"हो."

"आणि आडवे असते तर... बोलत राहिले असते?"

"तो मापाड्या सगळी वाट बोलत होता."

पलीकडे कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

"दोन वर्षं मी तुमच्याकडून हसत गेले," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला हसू दिलंत."

तिनं हातावरचा वाळलेला रंग नखानं खरवडला.

"नवीन माणसं येतात ना तुमच्याकडे शिकायला? हे पान त्यांना शिकवता?"

"यापुढे मलाच शिकवायचंय."

"मग नुसतं पान नका शिकवू. त्यांचं नाव घ्या. आणि हात कोणी दिला तेही सांगा. दर वेळी." ती फळीवर चढली, ब्रश उचलला. "जा आता. आणि मला वहिनी-बिहिनी काही म्हणू नका."

पुढच्या तुकडीत सहा जण होते, तीन बाया, तीन बाप्ये. सामानाच्या खोलीत, ओल्या रबरी कपड्यांच्या वासात ते बाकांवर बसले. मास्तरनं रंगाऱ्याचं नाव घेतलं. दुपार सांगितली, सपाट समुद्र सांगितला. "हात मी दिला," म्हणाला. "हे पान मला येत होतं." दाराशी काका उभे होते. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. वह्यांवर पेनं चालत होती.

एकीनं विचारलं, "सर, समोर माणूस हात पुढे करतोय, आणि आपण घ्यायचा नाही?"

"नाही."

"मग त्या हाताचं करायचं काय?"

"त्यात दोर द्या. हाताला काहीतरी काम द्या, आणि तोंडानं बोलत राहा."

तिनं तेही लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

मग तो रबरी पोशाख चढवून धक्क्यावरून पाण्यात उतरला आणि वाहत लांब गेला. बोट वळून आली. बोटीच्या कडेवर प्रश्न विचारणारी तीच होती, शेजारी झोळी उलगडून तयार. मास्तरनं हात वर केला.

कडेवरून वाकलेला चेहरा पाण्यातून कसा दिसतो, हे इतक्या वर्षांत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मागे नुसतं आभाळ, आणि त्यात तो एक चेहरा जवळ जवळ येत होता. त्यावर ना बेफिकिरी होती, ना आळस. माणूस सापडल्याचा नुसता आनंद होता. झोळी तिच्या लक्षातच नव्हती. तिचे दोन्ही हात खाली आले, त्याच्या मनगटावर घट्ट बसले, आणि ती सगळा जीव लावून ओढायला लागली.