लिंबोणी बरी हाय

शेजारची मावशी सकाळी चूळ भरायच्या आधी परसात जायची आणि लिंबोणीच्या बुडाशी मातीत बोट खुपसायची. ते नाकाशी नेऊन म्हणायची, "वल हाय." मग तिचा दिवस उजाडायचा.

दुष्काळाचं साल. मी ढोकीच्या साखर कारखान्यात कारकून. तिचा एकुलता लेक कामासाठी पुण्याला गेला, जाताना हातभर रोप लावून गेला. "आई, म्या येईस्तोवर एवढी जगव."

टँकरच्या दोन घागरींत काय जगवणार, सांगा तुम्हीच! तिनं रोपाशेजारी कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, वर खापरी झाकली. मडकं पाझरायचं, मुळं पीत राहायची. "वरून वतलं तर ऊनच पितं बाबा," म्हणायची. आम्ही हसायचो. गाव कोळपून गेलं, पण तिची लिंबोणी टवटवीत. लेकाला पत्रं मीच लिहायचो. शेवटची ओळ ठरलेली: "लिंबोणी बरी हाय."

बहिणीच्या आजारपणात ती पंधरा दिवस माकणीला गेली, झाड मला सोपवून. दुसऱ्याच दिवशी माझा पाय पडून मडकं फुटलं. शरमेपोटी मी घरातलं जुनं मडकं गुपचूप पुरलं. रोज डोकावावं तर पाणी काठोकाठ! म्हटलं, झाडाचं पोट भरलंय. वर पाणी वाचवल्याची ऐट. शहाणाच मी.

मावशी परतली तेव्हा नुसती काडी उरली होती. तिनं मडक्यात हात घालून आतून चोळलं, हुंगलं.

"तेलाचं व्हय रं हे?"

तेल मुरलेलं मडकं पाझरत नाही, हे मला कुठलं ठाऊक! तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी ती कार्ड घेऊन आली. शेवटच्या ओळीपाशी माझा हात थांबला.

"लिव्ह. लिंबोणी बरी हाय. न्हाय तर त्यो कशापायी यील?"

मी लिहिलं. पुढं चार वर्षं लिहीत राहिलो. ती काडीशेजारी नवं मडकं भरत राहिली. लेक काही आला नाही.

आला तो ती गेल्यावर, तिसऱ्या दिवशी. सावडून थेट माझ्या दारात.

"काका, परसात दिसंना, लिंबोणी कुठं हाय? आईची राख तिच्या बुडाला घालावी म्हणतो."

मी उठलो. त्याला परसात नेलं, काडी दाखवली. तो खाली बसला आणि मातीत बोट खुपसलं.

वल होती. तिनं शेवटचं भरलेलं मडकं अजून पाझरत होतं.