कावळ्याला दिलेला शब्द

कर्जतच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक खाली ठेवली आणि लगेच पुन्हा उचलली. गाडीला अवकाश होता, पण ट्रंक खाली टेकलेली त्यांना बघवत नव्हती. आमच्या कशेळे गावापासून बैलगाडी त्यांनीच हाकत आणली होती. गाडी सुटली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "जा रं. नीट ऱ्हा. पन ये."

लढाई नुकतीच संपली होती. पुण्याच्या कॉलेजातल्या संस्कृतच्या भांडवलावर मला इंग्लंडात एका वृद्ध प्रोफेसरसाहेबांकडे काम मिळालं. आपल्या प्राचीन तत्त्वज्ञानावर ते पुस्तक लिहीत होते. मी पोथ्यांचा अर्थ सांगायचा, त्यांनी लिहायचं. पुस्तक झालं की युनिव्हर्सिटीत कायमची जागा मिळणार होती. ओव्हरकोट, टोस्ट, रेशनची कुपनं, सगळं अंगवळणी पडलं. साहेब माणूस लाख, पण एका गोष्टीवर अडून बसलेले: आत्मा अमर मानणारा हिंदू मृत्यूचा शोक करत नाही. आमच्याकडे म्हैस मेली तरी घरात कुणाला घास उतरत नाही! "पोथीत तसं आहे खरं, पण..." असं मी म्हणायला जावं, तर 'पण'च्या आधीच साहेबांचं लिहून झालेलं असायचं.

मग बाबा गेल्याची तार आली. बोटीने पोचेपर्यंत तेरावाही उलटला असता. साहेबांनी स्वतः चहा करून आणला आणि हळूच म्हणाले, "तुम्हा लोकांना हे सोपं जात असेल."

असा संताप आला मला! कप तसाच ठेवून उठलो, तर टेबलावरचा फोटो समोर आला. रोजच दिसायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, लढाईत गेलेला. हा म्हातारा एवढा खटाटोप कशासाठी करतोय, ते तेव्हा कळलं आणि माझा राग ओसरला.

पुढे धाकट्या भावाचं, सदूचं पत्र आलं. गावाकडच्यांना ठाऊकच आहे, इकडे विलायतेत वाढणाऱ्या आपल्या पोरांसाठी सांगतो. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात. गेलेल्याची काही इच्छा अडली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं. पेज नदीवर सदूने शेत सांभाळायचं वचन दिलं, काकांनी माझ्या बहिणीच्या लग्नाचं. कावळा आंब्यावरून हलेना. शेवटी आई पुढे झाली. "त्यो येल. मी सांगते ना. खावा आता."

कावळा खाली आला.

हे साहेबांना सांगताना मी ढसाढसा रडलो. ते गोंधळून म्हणाले, "मग आत्मा अमर नाही?"

"आहे ना, साहेब. अमर आहे म्हणून तर वाट बघतो."

ते फोटोकडे बघत राहिले. मग चष्मा काढून ठेवला आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच रडले. त्या दिवशी आम्ही काही लिहिलं नाही.

परवा मी बोटीचं तिकीट काढलं. कायमच्या जागेवर पाणी सोडताना जीव तुटला, नाही असं नाही. साहेबांनी अडवलं नाही. बाबा नसलेल्या घराला घर कसं म्हणायचं, असं मध्यंतरी वाटायचं. आता वाटत नाही. तिथे माझ्या नावाने शब्द दिलेला आहे.

आई, बाबांना सांग, मी निघालोय.