कसा वाटला?

आमच्या चेन्नईतल्या गिंडीच्या कारखान्यात एक तंजावरी मराठी ड्राफ्ट्समन आहेत. पन्नाशीचे, कपाळावर विभूती आणि कानात कायम एकच रॉक अल्बम. जडशीळ गिटार, अंतराळात तरंगल्यासारखे लांबलचक सूर. तो त्यांनी आम्हा सगळ्यांना पाठवलाय. रोज जेवताना तमिळ हेल काढून विचारतात, "ऐकलात का सार? कसा वाटला?"

एकदा वैतागून मी "छान आहे" म्हटलं, तर लगेच, "कुठलं गाणं छान?" मी सांबार वाढून घेतलं. स्टोअरकीपर म्हणाला, "गांजा ओढणाऱ्यांचं संगीत ते." त्यालाही तेच, "पण ऐकलंत किती मिनिटं?" सुखाने दोन घास खाऊ देतील तर शपथ!

परवा कँटीनच्या अक्कांनी ड्राफ्ट्समनचा हेडफोन कानाला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "करंट गेल्यावर लेथ मशीन हळूहळू थांबते ना, तसं वाटतं." ड्राफ्ट्समन उठले आणि त्यांनी अक्कांना चक्क हात जोडले.

ते मला कुठंतरी लागलं. रविवारी दात-ओठ खात अख्खा अल्बम ऐकला. सोमवारी त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, "पूर्ण ऐकला. मला अजिबात आवडला नाही."

त्यांनी हसून शेजारची खुर्ची ओढली. "बसा सार. आता बोलू या."