चिंचेखालची भट्टीमाय

भट्टीमायने जन्मात कुणाला "दारू सोड" म्हटलं नाही. आणि तिच्याइतकी दारू अक्कलकुव्यात कुणी सोडवली नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल पटवून घेऊ नये. मी वाद घालायला बसलेलो नाही.

मोहाची दारू गाळण्यात पहाडपट्टीत तिचा हात कुणी धरत नसे, म्हणून हे नाव. त्याच दारूने नवरा गेला, तेव्हा तिने भट्टीचं मडकं आपल्या हाताने फोडलं. मग दर बाजारी पिणाऱ्यांना गोळा करून ती दारूच्या पिठ्यासमोर चिंचेखाली बसू लागली. पिठ्यासमोरच का, असं विचारलं की म्हणायची, "मासा पानीमाच सापडस!"

मी तिथला शाळामास्तर. वय सव्वीस, दारूबंदीची हौस दांडगी आणि अक्कल बेताची. मी गंगाजळ घेऊन तिथे गेलो आणि एकेकाला देवाची शपथ घातली. पुढच्या बाजारी निम्मे आलेच नाहीत. माय माझ्यावर कडाडली, "शपथ मोडी त्यासनी! आते देवले तोंड दखाडाले लाज वाटस, मंग तुले कसं दखाडतीन?" तिच्याकडे शपथ नव्हतीच. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत प्यायची नाही, एवढीच मुदत. जो पिऊन येई त्याला ती शेजारी बसवून घ्यायची आणि आधी त्यालाच बोलू द्यायची. मध्ये कुणी तोंड घातलं तर त्याची धडगत नसे.

गिऱ्हाईक तुटू लागलं तसे पिठ्याच्या मक्तेदाराने फौजदाराचे कान भरले. दिवस स्वातंत्र्याच्या चळवळीचे. हुकूम सुटला : पाच माणसांनी एकत्र बसायचं नाही. माझी तर पाचावर धारण बसली. माय खो खो हसली. "चार तं चालस ना?" म्हणाली, आणि त्याच चिंचेखाली चौघाचौघांची रिंगणं बसली, एकमेकांकडे पाठ करून! फौजदार बोटं मोजत हिंडायचा. काय मजा यायची म्हणून सांगू!

पण प्रत्येक रिंगणाला एक म्होरका हवा. एक रिंगण तिने माझ्या गळ्यात घातलं. मी संसाराच्या धूळधाणीवर तासभर भाषण ठोकलं. समोरचे तिघे अंगठ्याने माती उकरत राहिले. त्यातला वेस्ता तर एक अक्षर बोलला नाही.

"पहिले तुन्हं सांग, मंग दुसरानं इचार," माय नंतर म्हणाली.

"माझं काय सांगायचंय, माय?"

"तुन्हा तोंडले बी वास शे, मास्तर."

मेलो मी! शाळा सुटली की कडी लावून मी घेत होतो, आणि समजत होतो की कुणाला पत्ता नाही. पण हे चारचौघांत बोललो तर नोकरी जाणार. म्हणून पुढचे कित्येक बाजार मी नुसता ऐकत बसलो. ऐकायला तेवढा शिकलो. वेस्ता मात्र मुकाच राहिला.

शेवटी फौजदाराच्या माणसांनी मायलाच धरून धुळ्याच्या तुरुंगात नेलं. मोटारीत चढताना ती मला म्हणाली, "बाजार चुकाडू नको. तू बठ." तुरुंगातच ती तापाने गेली. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

ती गेल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी चिंचेखाली तिघांना घेऊन बसलो. दोन हातांवर फौजदाराचा शिपाई वही उघडून उभा.

"मी तुमचा मास्तर," मी म्हणालो, "काल माय गेल्याचं कळलं, आणि मी कडी लावून प्यालो. रोजच पितो."

शिपायाने मान वर केली. मी त्याला म्हणालो, "लिही. नाव पूर्ण लिही, शाळेचंही लिही."

नोकरी पंधरवड्यात गेली. गेली तर गेली! पण त्या दिवशी शिपाई लिहीत असतानाच वेस्ता माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "मन्हं बी तसंच शे, मास्तर. सांगू का?"