थोरल्या साडूंचं लांबचं भिंग

आमच्या थोरल्या साडूंइतका हबकवणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. गाव पलूसजवळ, थोडा ऊस, थोडी हळद, आणि तोफखान्यातली हवालदारकी करून आता पेन्शनीत. मी साताऱ्यात शाळामास्तर. एकदा नववीच्या सगळ्या वर्गानं गृहपाठ करून आणला होता, हा माझ्या आयुष्यातला तोवरचा सगळ्यांत मोठा धक्का. अशा मिळमिळीत माणसाची सोयरीक या गृहस्थांशी जुळावी, ही देवाची निव्वळ थट्टा आहे. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते वाक्य मला अजून पाठ आहे. "पाव्हणं, जिलबीवाला पासष्ट मीटरवर हाय. दोन मिन्टांत हितं पोचतोय. भात कमी घ्या." मी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिलो. जिलबीवाला खरोखरच दोन मिनिटांत पोचला.

तोफखान्यात त्यांचं काम तोफ डागायचं नव्हतं. पुढच्या टेकडीवर पालथं पडायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि मागच्यांना अंतर सांगायचं. नोकरी सुटली तरी बघणं सुटलं नाही. एकदा आमच्या साताऱ्याच्या गच्चीवर सकाळचा चहा पिताना दुर्बीण डोळ्यांना लावून म्हणाले, "किल्ल्याच्या वाटंवर एक बाई खाली बसलीया. चप्पल तुटलीया तिची. जावा, तुमच्या घरातली एक जोडी देऊन या." मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी बायकोच्या जुन्या चपला पिशवीत घालून मी धापा टाकत किल्ल्याची वाट चढलो, तर तिथं खरोखर एक बाई तुटक्या चपलेकडे बघत बसलेली. "तुमाला कुनी सांगितलं?" तिनं विचारलं. काय सांगणार, कपाळ! मी चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि चोरासारखा परत फिरलो.

अशा माणसानं पेन्शनीत जाऊन सिनेमाचा कॅमेरा घेतला. फोनवर एवढंच म्हणाले, "डिजिटल सिनेमा कॅमेरा आनलाय. बघाय या." मी रजा टाकून गेलो. पलंगावर धुतलेल्या टॉवेलावर मोटारीच्या बॅटरीएवढा एक काळा ठोकळा ठेवला होता आणि त्याच्या तोंडाला नुसतं भोक. "भिंग कुठाय?" मी विचारलं. "त्ये येगळं घ्यायचं असतंय," साडू शांतपणे म्हणाले. गाडी आज आणावी आणि बैल पुढच्या बाजारी बघू म्हणावं, तसला हा व्यवहार. अक्का चहा घेऊन आल्या आणि ठोकळ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बघा पाव्हणं, डोळं न्हाईत त्येला आन् म्हनं लय लांबचं दिसतंय."

पुढे जवळचं दाखवणारी एक साधी लेन्स मिळाली आणि साडूंनी भावकीतल्या एका लग्नाचं शूटिंग केलं. ती फिल्म मी पाहिली आहे. तीन मिनिटं भाताच्या डेगीतून वाफ निघते. दोन मिनिटं नवरीची धाकटी बहीण मांडवाच्या खांबाला टेकून नाक पुसते. फेटे बांधलेले पाहुणे, शालश्रीफळ घेतलेले पुढारी, नवऱ्याचे चुलते, यातला एकही माणूस नाही. चुलते तणतणत घरी आले. "सत्काराचं कुठं गेलं सगळं?" साडू म्हणाले, "सत्कारात कोनबी खरं हासत न्हवतं. काडून टाकलं." त्यानंतर पंचक्रोशीत साडूंना कोणी लग्नाला कॅमेऱ्यासकट बोलावलं नाही.

पण लग्नं हे निमित्त होतं. कॅमेरा कशासाठी घेतला ते त्यांनी मला उसाच्या बांधावर बसून सांगितलं, आणि तो धक्का मात्र मला सोसायला जड गेला. अक्कांचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती बाई झेंडावंदनाला उभं राहिल्यासारखी ताठ होते, पदर कपाळावर येतो, ओठ मिटतात आणि बटण दाबायच्या क्षणाला डोळेही मिटतात. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला जोडफोटो तसलाच. तोच खिशात घालून साडू बर्फात आणि वाळवंटात राहिले. "पाव्हणं, समदी पोरं बायकूचा फोटू बघायची," ते म्हणाले, "मी झोपल्याली बाई घिऊन हिंडलो. आन् शेतात बायकांच्यात ही लय हासती म्हनं. गाव सांगतंय. मी गेलो की गप." अक्कांचे गुडघे गेले होते. मुलगा पुण्याला बोलावत होता, आणि हळद निघाली की शेत वाट्यानं देऊन दोघांनी कायमचं जायचं ठरलं होतं. म्हणजे अक्का शेतात हसणार त्या या शेवटच्या काढणीला. ते हसू साडूंना हवं होतं, तिला न कळता, आणि त्यासाठी लागणारी जागा त्यांनी हेरून ठेवली होती. पाटाच्या भरावावरच्या बाभळीमागून हळदीची पट्टी बरोबर दोनशे चाळीस मीटर भरत होती. त्यांनी ते अंतर पावलांनी तीनदा मोजलं होतं.

आता एवढ्या लांबून माणूस जवळ आणायचं तर मोठ्या पल्ल्याची झूम लेन्स हवी. शहाणा माणूस दुकानात जाऊन पदरात पडेल ती लेन्स घेऊन येईल. साडू लेन्स बघायला निघाले ते खिलार खोंड बघायला निघाल्यासारखे. सांगलीला लेन्सा भाड्यानं आणि विकत देणारं एक दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. भाई चार पिढ्यांचे व्यापारी, गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याची ऐपत ओळखणारे, पण साडूंपुढे त्यांनी आठ दिवसांत हात टेकले. साडू लेन्स हातात घेत, उलटी करत, कानाशी नेऊन रिंग फिरवत, वजन जोखत आणि म्हणत, "चालवून बघू." एका रविवारी मीही बरोबर होतो. लेन्स कॅमेऱ्याला लावून आम्ही कृष्णेच्या पुलावर. लांब घाटावर एक गृहस्थ अंघोळ करत होते. साडूंनी त्यांना इतकं जवळ ओढलं की मिशीतलं पाणी दिसायला लागलं. मी लाजून तोंड फिरवलं. मग त्यांनी लेन्स मागे घेतली, परत पुढे नेली आणि चित्र धुकट झालं. "बघितलंसा? जवळ गेली की वळख इसरती ही. असली नको."

दुकानात भाई डोकं धरून समजावत होते. "आवं हवालदार, ती फोटूची लेन्स हाय. फोटूवाला झूम करतोय, फिरून फोकस करतोय आन् मग बटन दाबतोय. झूम करताना नजर सुटू द्यायची न्हाई म्हनलं तर खास सिनेमाची लेन्स लागती. ती जड हाय, तुमच्या कॅमेऱ्याच्या तीनपायी तिकाटण्याला झेपायची न्हाई." मग हलकी बघितली, तर ती कॅमेऱ्याच्या पडद्याला पुरेना, चित्राचे चारी कोपरे काळे. एक चांगली होती, पण पुढे ओढली की अंधार करायची. एक सगळ्यांत उजवी निघाली तर तिचं बूड या कॅमेऱ्याच्या तोंडाला बसेना. इकडे काढणी सुरू झाली होती. पट्टीमागून पट्टी रिकामी होत होती आणि हा माणूस अजून लेन्सांचे दात मोजत होता. मी साताऱ्याहून रोज फोन करायचो आणि रोज ओरडायचो, "दाजी, हळद संपंल!" ते म्हणायचे, "घाई केली की गोळा लांब पडतोय."

त्यातच त्यांनी माझी जी अवस्था केली ती मी शाळेत कोणाला सांगितलेली नाही. रविवारी गेलो तर साडूंनी पिशवीतून अक्कांची हिरवी साडी काढली. "तिच्या जागंवर हुबं ऱ्हावा. रंग कसा येतुया बघायचाय." अक्का दवाखान्यात गेल्या होत्या. मी नाही म्हणेपर्यंत पदर माझ्या डोक्यावर होता. पट्टीच्या टोकाला साडी गुंडाळून मी उभा, आणि दोनशे चाळीस मीटरवरून फोनवर हुकूम येताहेत. "हनवटी खाली. हासा. मास्तरावानी नका, बाईवानी हासा." एवढ्यात बांधावर एक मोटारसायकल थांबली. गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. त्यांनीही केला आणि गाडी ढकलत नेली, चालू करायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

अखेर एकच पट्टी उरली तेव्हा भाईंनी स्वतः कुठूनतरी ती जड सिनेमाची लेन्स एका दिवसासाठी मिळवली आणि तिच्या वजनाला पेलणारं लोखंडी तिकाटणंही दिलं. भाई एवढंच म्हणाले, "वैनींस्नी सांगू नका, म्या दिली म्हनून." अक्कांना साडूंनी पाखरांचं शूटिंग सांगितलं होतं. अक्का माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "पेन्शनीत गेल्यावर ह्येस्नी पाखरं दिसायला लागली बघ." सकाळी सातलाच आम्ही बाभळीमागे ठाण मांडलं, कारण दहानंतर जमिनीवरची हवा तापून चित्र हलायला लागतं. मी तिकाटण्याचा पाय धरून बसलो होतो. समोरच्या छोट्या पडद्यावर दहाबारा बाया गोल बसून गड्ड्यांची हळकुंडं मोडत होत्या. आवाज अर्थातच येत नव्हता. साडूंनी रिंग फिरवली आणि अक्का हळूहळू जवळ आल्या, नजर न सुटता, अगदी कपाळावरच्या मातीसकट.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक बाई काहीतरी म्हणाली आणि अक्का उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पदर खोचला, रिकामी पाटी उचलून खांद्यावर ठेवली, एक डोळा मिटला आणि छाती पुढे काढून चालायला लागल्या. मधेच थांबल्या, पाटी वळवली, बोटं नाचवून अंतर मोजलं, कोणाला तरी "हनवटी खाली" असं खुणावलं. मी दचकलो. हुबेहूब साडू! बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आणि मग अक्का स्वतःच फुटल्या. मान मागे टाकून, तोंड सताड उघडं, हात छातीवर, डोळ्यांतून पाणी. त्या घरात मी पंचवीस वर्षं जातो. ही बाई अशी हसू शकते यावर माझा विश्वासच बसेना.

मी साडूंकडे पाहिलं. आधी तेही हसत होते, गुडघ्यावर थाप मारून. मग थांबले. "दाढ पडलीया हिची," ते हळू म्हणाले. "उजवीकडची. कवा पडली?" ते पडद्याच्या आणखी जवळ गेले. "माझ्यापुढं कवाच हासली न्हाई वो अशी. म्या समदी हयात लांब ऱ्हायलो म्हनत हुतो. घरी आलो तरी हिला मी लांबच."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका नव्हताच. "दाजी, रेकॉर्डिंग चालू नाही!" मी ओरडून बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "ऱ्हाऊ द्या."

"अहो, हे परत होणार नाही!"

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पर ते तिनं मला दावलं न्हवतं."

आम्ही तसेच बसून राहिलो, ती पट्टी संपेपर्यंत. दुपारी त्यांनी लेन्स मऊ फडक्यात गुंडाळली आणि भाईंना नेऊन दिली. भाईंनी विचारलं, "कसं आलं?" साडू म्हणाले, "बेस. पाखरं लय आली हुती." परतताना वाटेत मला मात्र बाजूला तोंड करून डोळे पुसावे लागले, आणि ते मी मान्य करतो.

आता ते दोघं पुण्यात असतात, चौथ्या मजल्यावर. काळा ठोकळा कपाटावर आहे. परवा अक्कांचा माझ्या बायकोला फोन आला होता. त्यांची एकच तक्रार होती. "अगं, ह्येंचं काय बिनसलंय कळंना. रोज सैपाकघरात येत्यात, पाटी खांद्यावर घेत्यात, वाकडंतिकडं चालत्यात आन् माझ्या तोंडाकडं बघत उबं ऱ्हात्यात. काय पायजे म्हनलं तर सांगत न्हाईत."