फोनवरचं ‘येतो’

लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि त्यातले दहा महिने नवरा मस्कतला... नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे आधी बारामती एमआयडीसीत वेल्डर होते, तिथून दोन वर्षांच्या करारावर गेलेले. मी सांगवीत, सासूसासऱ्यांबरोबर.

आमच्या आळीत फोन एकच, किराणा दुकानातला. दर शुक्रवारी चारला ह्यांचा फोन यायचा आणि दुकानातली गिऱ्हाईकं कान टवकारून उभी राहायची. अशा ठिकाणी नवऱ्याशी काय डोंबल बोलणार... ‘जेवलात का’ आणि ‘बरं हाय’ यापुढं माझी गाडी कधी गेलीच नाही.

एका शुक्रवारी लाइन नुसती खरखरत होती. शेवटी तेवढं नीट ऐकू आलं, “बरं, येतो मग.” आणि फोन कट.

“काय म्हणला?” दर शुक्रवारी माझ्याबरोबर येणाऱ्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी विचारलं.

“येतो म्हणाले.”

झालं... दिवस मावळायच्या आत गावभर. आत्यांनी घर सारवून घेतलं. लेकाला शेंगांची आमटी आवडते म्हणून दारातल्या शेवग्याला कुणाला हात लावू दिला नाही.

पिंपळीला माझ्या भाचीचं बारसं होतं, तेही मी बुडवलं. बारामतीची एसटी आली की मी आपली दारात. लाजबीज सगळी गुंडाळून ठेवलेली.

आठ दिवस गेले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन, तोही मस्कतहूनच. मी तडकलेच.

“अहो, निघणार तरी कधी?”

“कुठं?”

“तुमीच म्हणला न्हवं, येतो म्हणून?”

मग हळूच म्हणाले, “अगं, फोन ठेवताना जातो कसं म्हणायचं? येतोच म्हणत्यात की.”

हसावं की रडावं कळेना... मी रडले. सगळ्या दुकानासमोर. अजून चौदा महिने काढायचे होते आणि मी येडी तोंडभरून सगळ्यांना सांगून बसले होते.

आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता लेकाला झाडणार. त्या म्हणाल्या, “आरं, चुकलं तर चुकलं. आठ दिस पोरगी घरात हसत हुती. आसंच चुकत जा मधनं मधनं.”

आणि फोन परत माझ्या हातात दिला. मी नाक पुसलं आणि भर दुकानात पहिल्यांदाच म्हणाले, “तुमच्याबिगर करमत न्हाय मला.”

तेवढ्यात आत्यांचा आवाज आला... दुकानदाराला आणि सगळ्या गिऱ्हाईकांना पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन त्या मोठमोठ्यानं साबणाचा भाव विचारत होत्या. आमच्या घरात साबणाच्या चार वड्या पडून होत्या.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. नवऱ्याशी मन मोकळं करून बोलायला मला पहिल्यांदा आडोसा दिला तो त्यांनी.