नात्यातले आहेत का?

दादांना सजा झाली तेव्हा मंगळवार पेठेत निम्म्या लोकांनी ‘बरं झालं’ म्हटलं आणि निम्म्यांनी माझ्याकडं बघितलं. बघू देत. त्यांना पकडलं तेव्हा मी तिथं होते, हे मी कधी लपवलेलं नाही.

दादा म्हणजे आमचे नगरसेवक. पेठ दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. दोनदा निवडून आले. त्याच्या आधी नुसते तालमीतले कार्यकर्ते होते. एक जुनी स्कूटर, एवढीच काय ती इस्टेट. तेव्हा मला सरकारी नोकरी लागली होती, पण जातीचा दाखला पडताळणीत अडकला. आज्याच्या शाळेतली जुनी नोंद आणा म्हणाले. वडील वारलेले, आई दवाखान्यात आया, आणि आज्याची शाळा तिकडं कबनूरला. दादांनी मला स्कूटरवर बसवून नेलं. हेडमास्तर म्हणाले, रजिस्टर सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. दादा तिथंच पायरीवर बसले. “सापडू दे की सावकाश. आमी बसतो.” दुपार टळल्यावर वाळवीनं खाल्लेलं एक रजिस्टर निघालं, आणि त्यात आज्याचं नाव. येताना दादांनी चहासुद्धा मला पाजू दिला नाही.

त्या नोंदीवर मी क्लार्क झाले आणि दादा नगरसेवक झाले. पहिल्या निवडणुकीत आई त्यांच्यासाठी घरोघर फिरली. विहारासमोरच्या सभेत हारही तिनंच घातला. मग हळूहळू दारातली स्कूटर गेली, मोठी गाडी आली. सहीसाठी लोकांना हेलपाटे पडायला लागले. लोक नाही नाही ते बोलायचे आणि मी भांडायचे. “दादा तसले न्हाईत,” म्हणून एका शेजारणीशी वर्षभर अबोला धरला. येडी होते मी.

एक दिवस आमच्या ऑफिसला लाचलुचपत खात्याचं पत्र आलं, कारवाईसाठी पंच म्हणून एक कर्मचारी पाठवा. पंच म्हणजे सरकारी साक्षीदार. तक्रारदाराबरोबर जायचं, काय बोलणं होतंय ते ऐकायचं, पुढं कोर्टात सांगायचं. कुणाला पकडायचंय ते तिथं गेल्यावरच कळतं. साहेबांनी मला पाठवलं. तिथं अधिकाऱ्यांनी दादांचं नाव घेतलं. तक्रारदार आमच्याच पेठेतला गिरणीवाला. गिरणीच्या परवानगीसाठी त्याला शिफारस हवी होती, आणि दादांनी त्याचे पैसे मागितले होते.

“नात्यातले आहेत का तुमच्या?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नाही,” म्हटलं. खरंच होतं ते. स्कूटरचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी नेलं असतं. पण मला वाटलं, मला समोर बघून दादा लाजतील, हात मागं घेतील. मीच वाचवीन त्यांना. केवढा तो शहाणपणा!

दादा ऑफिसात एकटेच होते. गिरणीवाल्याला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आज नको, मागनं बघू,” म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली आणि तोंडभर हसले.

“तू आणलायस व्हय ह्याला? मग आदी सांगायचं न्हाईस? घरचंच माणूस की! दे रं, दे हिकडं.”

आणि घेतले. माझ्या भरवशावर घेतले.

गिरणीवाल्यानं खूण केली, माणसं आत घुसली. नोटांना पावडर लावलेली असते, बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. तसं ते झालं. बोटं त्या पाण्यात असताना दादा काय म्हणाले माहितीय? “त्या पोरीला सोडा सायब. तिचा ह्यात काय बी संबंध न्हाय. आई आजारी असती तिची.”

“त्या आमच्या पंच आहेत,” अधिकारी म्हणाले.

दादांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पंचनाम्यात ‘पोरीला सोडा’ हे वाक्य आलं नाही. मी म्हटलं, हे पण लिहा की. “त्याची गरज नाही, ताई,” म्हणाले.

खटला कित्येक वर्षं चालला. गिरणीवाला फिरला, आठवत नाही म्हणाला. राहिले मी एकटी. आई रोज तेच. “तुला पण आठवत न्हाय म्हण. तुझ्या आज्याचं नाव कुणी हुडकून दिलं?” जेवायची नाही, भिंतीकडं तोंड करून पडायची. पण दादांनी माती खाल्ली होती, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि कबनूरच्या त्या पायरीवर आम्ही बसलो तशी किती माणसं पुढं त्यांच्याच दारात ताटकळली, कोण जाणे. खोटं बोलायला माझी जीभ उचलली नाही. ‘घरचंच माणूस की’ सकट सगळं सांगितलं. पोरीला सोडा म्हणाले, ते सांगायला लागले, तर सरकारी वकिलांनी थांबवलं. विचारलं तेवढंच सांगा म्हणाले. निकाल ऐकायला आई राहिली नाही. गेली तेव्हाही माझ्याशी धड बोलत नव्हती.

गेल्या महिन्यात कळंब्याच्या जेलला गेले. भेटीच्या अर्जात नात्याचा रकाना होता. पेन धरून किती वेळ उभी राहिले. मागचा माणूस ओरडला, “ओ ताई, लिवा की बिगीबिगी!” लिहिलं, बहीण.

बऱ्याच वेळानं शिपाई अर्ज घेऊन परत आला. “बाई, न्हाय भेटत म्हणत्यात. मला बहीण न्हाय म्हणाले.”

बसमध्ये रडू आवरेना. पण राग तरी कशाचा धरू? त्या सकाळी अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मीही तेच सांगितलं होतं.